चिंचोका आणि गाईचा ढेकर

आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि चिंचेच्या बरणीतून एक चिंचोका मागून आणा. आणलात? आता तो तळहातावर घेऊन नीट पाहा. तांबूस-काळपट, गुळगुळीत, चकचकीत. नखाने ओरखडायला गेलात तर नखच दुखेल, इतकं त्याचं टरफल टणक.

सुट्टीत आजोळी गेल्यावर चिंचोके फोडून त्यांची दानं टाकत पट खेळला असाल. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला पांढरं! धनगरी घोंगडी विणणारे कारागीर याच चिंचोक्यांची खळ करून सुताला लावतात, म्हणजे लोकरीचा धागा कडक होतो आणि मागावर तुटत नाही. पण खळ करायला लागतो आतला पांढरा गर. वरचं टरफल जातं कचऱ्यात.

बंगळुरू शहरातल्या काही शास्त्रज्ञांना नेमकं हे टरफलच हवं होतं. कशासाठी, सांगू? गाईचा ढेकर कमी करण्यासाठी!

हसलात ना? हसा खुशाल. पण तो ढेकर, हे टरफल आणि तुमच्या पेल्यातलं दूध यांचं नातं फार गमतीचं आहे. चला, तेच उलगडू या.

आवाज न करणारा ढेकर

गाय किंवा म्हैस बसून रवंथ करताना तुम्ही पाहिलीच असेल. डोळे अर्धवट मिटलेले, जबडा गोल गोल फिरतोय, मध्येच कान हलवून माश्या हाकलणं चाललंय. अशी ही शांत बसलेली गाय दर मिनिटा-दोन मिनिटाला एक ढेकर देत असते. मग आपल्याला तो ऐकू का येत नाही?

कारण पोटातून वर आलेला वायू थेट तोंडावाटे बाहेर पडत नाही. त्यातला बराचसा आधी श्वासनळीतून फुप्फुसात जातो आणि मग नेहमीच्या श्वासाबरोबर नाकावाटे हळूच बाहेर येतो.

या वायूत असतं काय? बराचसा कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या खालोखाल मिथेन. गावाकडे गोबरगॅसची शेगडी पाहिली असेल तर मिथेन तुमच्या ओळखीचा आहे. निळ्या ज्योतीने जळतो तो हाच. दलदलीच्या तळातून बुडबुडे येतात, त्यांतही तोच असतो. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली एका सरोवराकाठचा गाळ ढवळला, वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि हा वायू पेट घेतो हे दाखवलं.

आपल्या देशातली एक दुभती गाय किंवा म्हैस दिवसाला साधारण २०० लिटर मिथेन बाहेर सोडते. जरा हिशोब करून पाहू. एका जनावराच्या सुमारे तीन महिन्यांच्या मिथेनमध्ये तुमच्या घरातल्या एका भरलेल्या गॅस सिलिंडरइतकी ऊर्जा असते! आणि ही ऊर्जा आली कुठून? गाईने खाल्लेल्या वैरणीतून. म्हणजे शेतकऱ्याने घाम गाळून कडबा कापला, भारे वाहून आणले, गव्हाणीत टाकले, आणि त्यातली काही ऊर्जा दूध न होता हवेत उडून गेली. वैरणीतल्या ऊर्जेच्या १०० भागांपैकी २ ते १२ भाग असे वाया जातात. गाईला काय खायला मिळतं त्यावर हे कमी-जास्त होतं.

शिवाय मिथेन हवेत गेला की पृथ्वीभोवतीचं उष्णतेचं पांघरूण जाड होतं. १०० वर्षांचा हिशोब धरला तर एक किलो मिथेन हा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्या देशात गाई-बैल १९ कोटींहून जास्त आहेत आणि म्हशी ११ कोटींच्या आसपास. एवढ्यांचे ढेकर म्हणजे काही लहानसहान गोष्ट नाही.

मग ढेकर बंदच करून टाकावा का? छे, छे! ढेकर अडकला तर जनावराचं पोट ढोलासारखं फुगतं. शेतकरी त्याला पोटफुगी म्हणतात आणि वेळेवर उपचार झाला नाही तर जनावर दगावतंसुद्धा. तेव्हा ढेकर हवाच. त्यातला मिथेन तेवढा कमी करता आला तर?

ते समजायला गाईच्या पोटात शिरावं लागेल.

पोटात वसलेलं गाव

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिलं कोटीपोट, दुसरं जाळीपोट, तिसरं पडदेपोट आणि चौथं खरं पोट. आपल्या जठरासारखं काम करतं ते हे चौथं. मग आधीचे तीन कशाला? आणि त्यांतलं कोटीपोट एवढं अवाढव्य का, की मोठ्या गाईच्या कोटीपोटात १०० लिटरहून जास्त ऐवज मावावा?

आता एक गुपित सांगते. गाईला गवत पचवता येत नाही!

खरंच. गवतात, कडब्यात, पेंढ्यात जो चिवट तंतू असतो त्याला सेल्युलोज म्हणतात. तो तोडणारं रसायन गाईच्या शरीरात तयारच होत नाही. तुमच्या-माझ्याही नाही. म्हणून आपण कडबा खात नाही. गाय खाते, कारण तिने पोटात भाडेकरू ठेवले आहेत. कोटीपोटातल्या फक्त एका मिलिलिटर द्रवात, म्हणजे वीसेक थेंबांत, सुमारे १,००० कोटी जिवाणू असतात. सगळ्या पृथ्वीवर माणसं आहेत ८०० कोटींच्या थोडी वर. म्हणजे अख्ख्या जगाची वस्ती एका चमच्यात, आणि तरी जागा शिल्लक!

गाय त्यांना ऊब देते. ३९ अंशांच्या आसपास, रात्रंदिवस. ओलावा देते, आणि दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गाळून पोटातला आंबटपणा आटोक्यात ठेवते. गवत उपटून भराभर गिळते आणि मग निवांत बसून, पुन्हा तोंडात आणून, बारीक चावून देते. हेच ते रवंथ. बदल्यात जिवाणू गवताचे तंतू तोडतात आणि त्यांची आम्लं बनवतात. गाय ती आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून शोषून घेते. तिचं खरं जेवण हेच.

नुकतं जन्मलेलं वासरू मात्र गवत खात नाही, कारण त्याच्या कोटीपोटात अजून गाव वसलेलं नसतं. ते आईचं दूध पितं तेव्हा पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध पहिले कप्पे टाळून थेट चौथ्या पोटात उतरतं. पुढे वासरू वैरण हुंगू लागतं, आईला चाटतं, गवताची काडी चघळतं, आणि एकेक भाडेकरू राहायला येऊ लागतो. कोटीपोट पुरतं कामाला लागायला काही आठवडे, कधी महिने जातात.

हायड्रोजनची पळवापळवी

जिवाणू जी आम्लं बनवतात त्यांतली दोन आज आपल्या कामाची. एक ॲसिटिक आम्ल. हे तुमच्या घरातल्या व्हिनेगरमध्येही असतं. दुधातली मलई बनायला त्याचा उपयोग होतो. दुसरं प्रोपिऑनिक आम्ल. गाईचं यकृत त्यापासून साखर बनवतं आणि त्याच साखरेपासून कासेत दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज तयार होतं. लॅक्टोज आपल्यासोबत पाणी ओढून घेतं. म्हणून जितकं लॅक्टोज जास्त तितकी दुधाची धार मोठी!

आता गंमत पाहा. ॲसिटिक आम्ल बनताना हायड्रोजन वायू सुटतो. तो पोटात साठून राहिला तर जिवाणूंचं काम मंदावतं. म्हणून त्याला कुणीतरी उचलायला हवं. उचलणारे दोघे आहेत. एक प्रोपिऑनिक आम्ल बनवणारे जिवाणू, आणि दुसरे आर्किया नावाचे अतिसूक्ष्म जीव. आर्किया हायड्रोजन घेतात, कार्बन डायऑक्साइड घेतात, दोन्ही जोडून मिथेन बनवतात आणि त्यावर आपलं पोट भरतात. मिथेन मात्र गाईच्या काहीच कामाचा नाही. तो ढेकरातून बाहेर.

आर्किया मोठे हुशार. कोटीपोटात प्रोटोझोआ नावाचे तुलनेने मोठे जीव पोहत असतात. ते भरपूर हायड्रोजन सोडतात. म्हणून काही आर्किया सरळ त्यांच्या अंगावर जाऊन बसतात, काही तर आतच मुक्काम ठोकतात. फराळाचं दुकान आणि राहायची खोली एकाच ठिकाणी!

शास्त्रज्ञांनी विचार केला, की या प्रोटोझोआंची संख्या थोडी कमी झाली तर आर्कियांना हायड्रोजन कमी मिळेल. मिथेन कमी बनेल. आणि वाचलेल्या हायड्रोजनपैकी काही प्रोपिऑनिक आम्लाच्या वाट्याला येईल. म्हणजे हवेत जाणारी ऊर्जा कासेकडे वळेल. कागदावर तर छान जमलं! पण प्रोटोझोआंना आवरणार कोण? तेही गाईला इजा न होता, आणि गरीब शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत?

इथे आपला चिंचोका पुन्हा येतो. पण त्याआधी हे शास्त्रज्ञ काम करतात कुठे ते पाहू.

होसूर रस्त्यावरचं जुनं आवार

बंगळुरूला गेलात की गाड्यांची गर्दी, उंच काचेच्या इमारती, संगणक कंपन्या हेच डोळ्यांत भरतं. पण त्याच शहरात, होसूर रस्त्यावर आडुगोडी नावाचा भाग आहे. तिथे गाईंसाठीचं एक जुनं विद्यालय आहे. १९२३ साली, इंग्रजांच्या काळात, ते सुरू झालं. पशुपालन आणि दुग्धव्यवसाय शिकवणारी सरकारी संस्था.

१९२७ साली या संस्थेत एक वेगळाच विद्यार्थी आला. वय ५७ वर्षं. प्रकृती बिघडल्यामुळे हवापालटासाठी तो नंदी टेकडीवर आणि मग बंगळुरूत राहत होता. तो स्वतः गाई-म्हशीचं दूध पीत नसे, शेळीचं पीत असे. तरीही गाय कशी सांभाळावी, तिला काय खायला घालावं, दूध स्वच्छ कसं काढावं हे तो विल्यम स्मिथ नावाच्या तज्ज्ञांकडून मन लावून शिकत राहिला. ओळखलंत? महात्मा गांधी! नुसती पूजा करून गाय वाचत नाही, तिचा सांभाळ शास्त्र समजून घेऊन करायला हवा, हे त्यांना पटलेलं होतं. त्यासाठी या वयात पुन्हा विद्यार्थी व्हायची त्यांची तयारी होती.

पुढे १९४० च्या दशकात आणखी एक तरुण इथे आला. तो होता इंजिनिअर. दुधाची त्याला फारशी आवड नव्हती. पण सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाण्याआधी त्याला बंगळुरूच्या याच संस्थेत प्रशिक्षणासाठी धाडलं गेलं. त्याचं नाव व्हर्गीस कुरियन. १९४९ साली तो गुजरातेतल्या आणंदला पोचला आणि पुढे काय घडलं ते अमूलच्या पिशवीवर तुम्ही रोज पाहता.

१९५५ साली या संस्थेचं मुख्य ठाणं हरियाणातल्या कर्नालला गेलं. तीच आजची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था. बंगळुरूत तिचं दक्षिणेकडचं केंद्र राहिलं. आणि १९९५ साली त्याच आडुगोडीत भारतीय कृषी संशोधन परिषदेने एक नवी संस्था उभी केली, राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाविज्ञान संस्था. नाव लांबलचक आहे खरं, पण काम सोप्या शब्दांत सांगता येतं. जनावराने काय खाल्लं की त्याच्या शरीरात काय घडतं, हे शोधून काढायचं.

ढेकर मोजायचा कसा?

मिथेन कमी झाला का, हे कळायला आधी तो मोजता यायला हवा. पण श्वासाबरोबर गुपचूप बाहेर पडणारा, रंग नसलेला, वास नसलेला वायू मोजणार कसा? गाईच्या नाकाला फुगा बांधून? ती फुगाच खाऊन टाकेल!

एक खेळ सांगते. समजा, एक पोतं गहू आहे आणि त्यात दाणे किती ते काढायचं आहे. एकेक दाणा मोजत बसलात तर दिवाळी येईल. त्याऐवजी पोत्यात मोजून १०० चिंचोके टाका आणि सगळं नीट कालवा. आता एक ओंजळ काढा. ओंजळीत २ चिंचोके आले आणि गव्हाचे १,००० दाणे आले, तर? एका चिंचोक्यामागे ५०० दाणे. मग १०० चिंचोक्यांमागे ५०,००० दाणे. झाला हिशोब!

शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. पितळेची एक छोटी नळी गाईला गिळायला देतात. ती पोटात जाऊन बसते आणि तिच्यातून एक ओळखीचा वायू अगदी हळूहळू, ठरलेल्या वेगाने झिरपत राहतो. हा वायू म्हणजे आपले मोजून टाकलेले चिंचोके. गाईच्या म्होरकीला एक बारीक नळी जोडून तिचं टोक नाकपुडीजवळ आणलेलं असतं. दुसरं टोक हवा काढून रिकाम्या केलेल्या डब्यात. डबा दिवसभर गाईचा श्वास थोडा थोडा ओढून घेतो. ही झाली ओंजळ. डब्यात ओळखीचा वायू किती आणि मिथेन किती, हे पाहिलं की दिवसभराचा मिथेन कळतो. गाय मात्र आपली मजेत चरत असते.

त्याही आधी एक पायरी असते. प्रत्येक पाला, प्रत्येक साल थेट गाईला खाऊ घालून कसं चालेल? म्हणून कोटीपोटातला थोडा द्रव काढून काचेच्या मोठ्या सिरिंजमध्ये घेतात. त्यात वैरणीची पूड घालतात, जे तपासायचं असेल त्याची चिमूट टाकतात आणि सिरिंज ३९ अंशांवर उबेला ठेवतात. आतले जिवाणू आपण अजून गाईच्याच पोटात आहोत अशा समजुतीने कामाला लागतात! वायू तयार होतो आणि सिरिंजचा दांडा वर सरकू लागतो. किती सरकला ते मोजायचं, वायूत मिथेन किती ते तपासायचं, वहीत लिहायचं. मग दुसरी वनस्पती. मग तिसरी. ज्या वनस्पती सिरिंजमध्ये पास होतात, त्यांतल्याच काही गाईपर्यंत पोचतात.

तुरट असण्याचा फायदा

आता कच्चं केळं किंवा फार न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी होते ते आठवा. कोरडी, ओढल्यासारखी. हा तुरटपणा टॅनिन नावाच्या पदार्थांमुळे येतो. टॅनिनला प्रथिनांना घट्ट मिठी मारायची सवय आहे. तुमच्या लाळेतल्या बुळबुळीत प्रथिनांना ते मिठी मारतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. झाडं टॅनिन बनवतात ते स्वतःच्या बचावासाठी. पान तुरट लागलं की किडे आणि प्राणी ते जपून खातात.

चिंचोक्याच्या टरफलात टॅनिन भरपूर असतं. गाईच्या कोटीपोटात ते गेलं की प्रोटोझोआंची संख्या कमी होते, आणि मग मागे सांगितलेली सगळी साखळी सुरू होते. या गुणाचा उपयोग करून आडुगोडीच्या संस्थेने चिंचोक्याच्या टरफलापासून पशुखाद्यात मिसळायचं एक पूरक बनवलं. टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून आणखी एक पूरक बनवलं, त्याचं नाव ठेवलं हरित धारा. २०२१ साली राघवेंद्र भट्टा संस्थेचे संचालक असताना त्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. हरित धारा दिल्यावर जनावरांचा मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी होतो आणि दूधही वाढतं, असं शास्त्रज्ञांना दिसलं.

२०० लिटरमधले २० टक्के म्हणजे दिवसाला ४० लिटर. तेवढ्या मिथेनमध्ये साधारण अर्ध्या लिटर दुधाइतकी ऊर्जा असते. ती सगळीच्या सगळी दुधात उतरत नाही. शरीराला स्वतःचंही काम असतं. पण आधी पूर्ण वाया जात होती, आता तिच्यातला काही भाग तरी गाईच्या उपयोगी पडतो.

हरित धारा हे पूरक तीन महिन्यांहून लहान वासरांना द्यायचं नसतं. का बरं? आठवा पाहू. बरोबर! त्यांच्या पोटातलं गाव अजून पुरतं वसलेलंच नसतं. आणि मोठ्या जनावरालाही ते मोजूनच द्यावं लागतं. टॅनिन जास्त झालं तर ते जिवाणूंच्या कामातही अडथळा आणतं, वैरण नीट पचत नाही आणि गाय खायलाही कुरकुरते. म्हणून बरं का, घरचे चिंचोके गोळा करून कुणाच्या गाईला घालायला जाऊ नका! औषध आणि अपाय यांच्यामध्ये फक्त एक माप असतं. ते माप शोधण्यातच शास्त्रज्ञांची वर्षं जातात.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

गाय भिंत चाटताना, चिंध्या किंवा हाडं चघळताना तुम्ही पाहिलीय? मोठी माणसं म्हणतात, खोड आहे तिला. पण ती बऱ्याचदा खोड नसते, तक्रार असते. तिच्या खाण्यात फॉस्फरस किंवा मीठ कमी पडत असतं आणि ती ते कुठे मिळतंय का हे शोधत असते.

एक लिटर दुधात एक ग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या अंगातून रोज दहा-बारा ग्रॅम कॅल्शियम निघून जातं. शिवाय तांबं, जस्त असे पदार्थ अगदी कणभर लागतात, पण ते नसले तर गाय वेळेवर गाभण राहत नाही. हे सगळं वैरणीतून यायला हवं, आणि वैरणीत ते येतं जमिनीतून. जमिनीतच नसेल तर? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आडुगोडीच्या शास्त्रज्ञांनी मग निरनिराळ्या भागांतली माती तपासली, तिथली वैरण तपासली, जनावरांचं रक्त तपासलं. कुठे जस्त कमी, कुठे तांबं कमी, कुठे कॅल्शियम. त्यावरून त्या त्या भागासाठी वेगळं खनिज मिश्रण ठरवलं. जे कमी आहे तेवढंच द्यायचं. बंगळुरूच्या आसपास जनावरं नाचणीचा पेंढा खातात, सोलापूरकडे ज्वारीचा कडबा, कोकणात भाताचा पेंढा. मग सगळ्यांना एकच पुडी कशी लागू पडेल?

हे काम सरकारने का करायचं?

आपल्या देशातल्या पुष्कळ दूध उत्पादकांच्या दावणीला दोन-तीनच जनावरं असतात. एका गाईच्या दुधावर मुलांची वह्या-पुस्तकं येतात, आजीचं औषध येतं. असा शेतकरी स्वतःची प्रयोगशाळा कुठून काढणार? स्वतःचा शास्त्रज्ञ कसा नेमणार? म्हणून सगळ्या देशाने मिळून त्याच्यासाठी शास्त्रज्ञ नेमले. तुमच्या-माझ्या घरून जो कर जातो, त्यातून त्या सिरिंजा येतात, त्या पितळी नळ्या येतात.

१९५०-५१ साली आपल्या देशात वर्षाला १ कोटी ७० लाख टन दूध होत असे. २०२३-२४ साली ते २३ कोटी ९३ लाख टनांवर गेलं. जगात सर्वांत जास्त दूध आज भारतात होतं. हे एकट्या शास्त्रज्ञांचं काम नाही. पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या बायका, सहकारी संघ, जनावरांचे डॉक्टर, दूध वाहणारे चालक, सगळ्यांचा त्यात हात आहे. पण या प्रत्येकाच्या हाताला शास्त्राचा आधार मिळाला म्हणून ते जमलं. आपल्याकडची बरीच जनावरं अजूनही कमी दूध देतात. त्यांची संख्या वाढवत नेली तर चारा पुरणार नाही, पाणी पुरणार नाही. आहे त्या जनावराला नीट खाऊ घालून, आहे त्या वैरणीतून जास्त दूध काढणं हाच शहाणपणाचा रस्ता आहे.

करून पाहा

एका मोठ्या माणसाला सोबत घ्या. पाच-सहा चिंचोके भाजून, कुटून त्यांची टरफलं वेगळी करा. ती अर्धी वाटी गरम पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी तांबूस-तपकिरी झालेलं दिसेल. ते दोन वाट्यांत वाटून घ्या. एका वाटीत गंजलेला लोखंडी खिळा टाका, दुसरी तशीच ठेवा. काही तासांनी दोन्हींचे रंग ताडून पाहा. खिळ्याच्या वाटीतलं पाणी काळपट होऊ लागेल. टॅनिन आणि लोखंड भेटले की असा गडद रंग तयार होतो. जुन्या काळी लिहायची शाई याच युक्तीने बनवत. हाच प्रयोग कोऱ्या चहाच्या पाण्यावर करा, डाळिंबाच्या सालीच्या पाण्यावर करा. कोणतं पाणी सर्वांत काळं झालं? हे पाणी पिऊ मात्र नका, आणि खिळा हाताळल्यावर हात धुवा.

जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहा. आडुगोडीतही सुरुवात अशीच होते. एक वाटी, एक चिमूट आणि एक वही.

मग घरातून रोज कचऱ्यात जाणारी एखादी साल, एखादं टरफल, एखादी बी उचला आणि स्वतःला विचारा, "ही आणखी कुणाच्या उपयोगी पडेल?" जे सुचेल ते आम्हाला पत्राने नक्की कळवा.